गोळीचे नाव कापू नका!

लोहाऱ्याला आमची एक आत्या राहते. वय सत्तरीच्या पुढचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरची धरणी हादरली, गावेच्या गावे आडवी झाली, ते सारे तिने डोळ्यांनी पाहिले आहे. "त्या दिसापासून म्या कशालाच भेत न्हाई," असे ती सांगते आणि आम्हालाही ते खरे वाटत होते. पण ही आमची न भिणारी आत्या एका गोष्टीला भिते, हे गेल्या वर्षी कळले. ती सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीला भिते.

घडले ते असे. आत्याला बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या आरोग्य केंद्रातून मिळतात. मध्ये एकदा महिनाभर केंद्रात गोळ्या आल्याच नाहीत. दोन खेपा रिकाम्या हाताने झाल्या. तेव्हा आतेभावाने तिला एका खाजगी डॉक्टरकडे नेले. त्यांनी तपासले, चिठ्ठी लिहिली, मेडिकलमधून गुलाबी गोळी घेतली. पुढे केंद्रात गोळ्या आल्या. आशाताईने घरी येऊन निरोप दिला आणि आत्या जाऊन आपली नेहमीची पांढरी गोळी घेऊन आली. आता पांढरीही सुरू आणि गुलाबीही सुरू. केंद्रात कोणी विचारले नाही, तिने सांगितले नाही. खाजगी डॉक्टरांना तर पांढरी परत सुरू झाल्याचा पत्ताच नव्हता. दोन औषधे घेतली म्हणजे दुप्पट गुण, असा समज आपल्याकडे आहेच.

त्यात पौर्णिमा आली. आत्या उपोसथ पाळते. दुपारी बारानंतर अन्न नाही. गोळ्या मात्र तिने नेमाने घेतल्या. पहाटे सुनेने पाहिले तर अंथरूण घामाने भिजलेले, हातपाय कापताहेत, बोलणे तोतरे, समोरच्या माणसाची ओळख नाही. शेजारच्या बाया जमल्या. कोणी म्हणाले वारे गेले. एकीने तर अंगाऱ्याची गोष्ट काढली. बाबासाहेबांनी धम्म देऊन इतकी वर्षे झाली आणि आपल्या वस्तीत अजून अंगारा निघतो, याचे आम्हाला वाईट वाटते, पण जे झाले ते लपवून काय करायचे?

आत्याची नात बारावी सायन्सला आहे. तिने ओळखले की शुगर उतरली आहे. आजीला गिळता येते की नाही हे पाहून तिने साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजले. (बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ते श्वासनळीत जाते.) मग १०८ ला फोन झाला. दवाखान्यात ग्लुकोजचे सलाईन लागले. शुगर वर येऊन पुन्हा उतरते म्हणून दोन दिवस ठेवून घेतले. आत्या वाचली.

घरी आल्यावर त्याच पोरीने गोळ्यांचा डबा उघडला. गुलाबी गोळीच्या पट्टीवर कंपनीने दिलेले झोकदार नाव मोठ्या अक्षरात आणि त्याखाली बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव: ग्लिमेपिराईड. पांढऱ्या गोळीच्या पट्टीचे कात्रीने कापलेले तुकडे. पाच गोळ्यांचा एक तुकडा, तीन गोळ्यांचा एक. कोणावर पूर्ण नाव नाही. चार तुकडे एकमेकांना जोडून लावले तेव्हा अक्षरे जुळली: ग्लिमेपिराईड. रंग दोन, कंपन्या दोन, दवाखाने दोन, पण औषध एकच. आत्या दुप्पट डोस घेत होती.

आम्ही आत्याला विचारले, "हे केंद्रात सांगितलं का?"

ती म्हणाली, "कशापायी सांगू बाबा? पुन्हा त्याच खिडकीत हात घालायचाय मला."

खिडकीच्या अलीकडचे भय

आत्याच्या या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. औषधाच्या चुकीवर हा लेख लिहावा असे त्याच वाक्यावरून वाटले.

आपली माणसे दवाखान्यात कशी उभी राहतात ते पाहा. केसपेपर दोन्ही हातांनी धरलेला, मान खाली. डॉक्टर काय म्हणाले ते अर्धे समजते, अर्धे समजत नाही, पण मान मात्र डोलते. खिडकीतून गोळ्या येतात, त्याबरोबर एक वाक्य येते, "ही सकाळी, ही दोन टाइम, ही जेवणाच्या आधी." मागे रांग असते. पुन्हा विचारले तर "आत्ताच सांगितलं ना!" हे ठरलेले. ज्याच्या आजोबाला गावच्या विहिरीवर हटकले गेले, त्याच्या अंगात न विचारण्याची सवय किती खोल गेलेली असते, हे ज्याचे त्याला कळते. शिकलेला पोरगा सोबत असला तर चित्र बदलते. पण शिकलेला पोरगा पुण्याला कंपनीत असतो आणि दवाखान्यात म्हातारी एकटीच असते.

दवाखान्याची बाजूही पाहिली पाहिजे. सरकारी नियमाने सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र. बाळंतपणे, लसीकरण, साप-विंचू, ताप-खोकला हे आधीपासून होतेच. अलीकडच्या वर्षांत तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी आणि त्यांच्या महिन्यामहिन्याच्या गोळ्या हेही काम तेथेच आले. चांगलेच झाले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. हेही चांगलेच झाले. पण रांग वाढली आणि खिडकीतले हात तेवढेच राहिले की कात्री भराभर चालते. आठ गोळ्या द्यायच्या, पट्टी दहाची, मग काप. नाव कुठे कापले जाते ते पाहायला वेळ कोणाला?

आपल्या समाजाच्या कितीतरी मुली आज नर्स आहेत, आरोग्यसेविका आहेत, आशा आहेत. त्यांतल्या एका नातेवाईक मुलीशी आम्ही बोललो. ती या जिल्ह्यात नोकरीला नाही. तिचे नाव-गाव आम्ही छापणार नाही. ती म्हणाली, "दादा, एकदा माझ्या हातून गोळी बदलली होती. पेशंट दारातून बाहेर जायच्या आत लक्षात आलं, धावत जाऊन बदलून दिली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मेमो मिळाला असता. दोन्ही गोळ्यांचे डबे सारख्या रंगाचे आहेत, ते आजही शेजारी-शेजारीच ठेवलेले आहेत."

म्हणजे खिडकीच्या अलीकडे आत्या गप्प आणि पलीकडे ही मुलगी गप्प. डबे मात्र शेजारी-शेजारीच.

कापसी-कोपरीचे बारा जीव

ही गप्प राहण्याची सवय का लागते, हे समजण्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातली एक गोष्ट आठवावी लागेल. ३१ जानेवारी २०२१. देशभर पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातील भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत कापसी-कोपरी नावाचे गाव आहे. तेथे पाच वर्षांखालील १२ मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. कोरोनाचा काळ. प्रत्येक बूथवर सॅनिटायझर असणे सक्तीचे होते. मुलांना दवाखान्यात भरती करण्यात आले. सुदैवाने सगळी बरी झाली.

या घटनेने महाराष्ट्र हादरला. वर्तमानपत्रांत मथळे आले, दूरदर्शनच्या वाहिन्यांवर चर्चा झाल्या आणि लगेच तिघांच्या निलंबनाची घोषणा झाली. त्यांत गावात काम करणारी आशासुद्धा होती.

चूक अक्षम्य होती, यात वाद नाही. लेकराच्या तोंडात काय पडते आहे हे बाटली वाचून पाहायला एक क्षणही लागत नाही. पण आम्हाला काही प्रश्न पडतात. सॅनिटायझर आणि लस एकाच टेबलावर हाताशी ठेवायची व्यवस्था कोणाची होती? लसीचा बूथ चालवणाऱ्यांना शिकवण किती मिळाली होती? थेंब पाजण्यापूर्वी बाटलीवरचे नाव दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावे, असा साधा नियम तेथे होता का? तिघांना घरी बसवून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. उलट राज्यातल्या प्रत्येक आशेने आणि प्रत्येक सिस्टरने एक धडा घेतला असेल, की चूक झाली तर तोंड मिटून घ्यावे. बारा मुलांची चूक उघडी पडली कारण ती लपण्यासारखी नव्हती. लपण्यासारख्या असतात त्या लपतात.

शिक्षा नको, असे आमचे म्हणणे नाही. बेफिकिरी वेगळी, गफलत वेगळी. दारू पिऊन बूथवर बसणाऱ्याला आणि सकाळपासून घोटभर पाणी न पिता दोनशे लेकरांना थेंब पाजून शेवटी चुकणाऱ्याला एकाच मापाने मोजता येत नाही.

विमानवाल्यांनी काय केले

येथे थोडे दूरचे उदाहरण देतो, कारण ते पटण्यासारखे आहे. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी एक प्रवासी विमान वॉशिंग्टनजवळ डोंगराला धडकले. ९२ माणसे गेली. चौकशीत निघाले की त्या मार्गाच्या नकाशातील एका सूचनेचा अर्थ दोन प्रकारे लागत होता. आणि आणखी एक गोष्ट निघाली. सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे एक विमान त्याच जागी, त्याच घोटाळ्यामुळे, जेमतेम वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितले. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ते कंपनीबाहेर गेले नाही. ज्यांना कळायला हवे होते त्यांना कळले नाही.

यातून १९७६ मध्ये तेथे एक पद्धत सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक, किंवा होता होता टळलेली चूक, लिहून पाठवायची. कागद कंपनीकडे जात नाही, परवाना काढून घेणाऱ्या खात्याच्या टेबलावरही जात नाही. तो तिसऱ्याच संस्थेकडे जातो. तेथे नाव काढून टाकतात, चूक ठेवतात आणि ती सर्वांना कळवतात. विमानप्रवास सुरक्षित झाला त्यात या कागदांचाही मोठा वाटा आहे.

आमच्या त्या नर्स मुलीची धावत जाऊन बदललेली गोळी, ही अगदी त्या वाचलेल्या विमानासारखी आहे. कोणाचे नुकसान झाले नाही. पण ती कोठे लिहिली गेली असती तर शेजारचे दोन डबे वेगळ्या फळीवर गेले असते.

जे. जे. ते छिंदवाडा

काही चुका खिडकीत होत नाहीत. त्या बाटलीतच भरून येतात. त्या पकडायच्या तर एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी मांडून पाहावे लागते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये असे झाले. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करण्यासाठी रुग्णांना ग्लिसरॉल पाजतात. ते पाजल्यावर रुग्णांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली. १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. औषधखरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्र्यांपर्यंत सगळ्यांचे वाभाडे त्या अहवालात निघाले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना खुर्ची सोडावी लागली. त्या वेळी मुंबईच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून आपली माणसे जे. जे. लाच जात, आजही जातात. म्हणून ही गोष्ट जुनी झाली तरी आपल्या घरची आहे.

आणि ती जुनी तरी कोठे झाली? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. बहुतेक पाच वर्षांच्या आतली. अनेकांनी नागपूरच्या दवाखान्यांत प्राण सोडला. तमिळनाडूत बनलेल्या त्या बाटलीत तेच विष सापडले, तब्बल ४८.६ टक्के. चालते किती? ०.१ टक्का. जे. जे. नंतर ३९ वर्षांनी तेच रसायन, तीच बंद झालेली लघवी. मुले एका घरातली नव्हती. एकेका आईला वाटले असणार की आपल्याच लेकराचे नशीब फुटके. वेगवेगळ्या घरांतील लेकरांना एकच औषध दिले होते हे कोणीतरी लिहून मांडल्याशिवाय कळत नाही, आणि मांडायला जितका उशीर होतो तितकी लेकरे जातात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलाला खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये. आमच्या माता-भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. बाळाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. मेडिकलवाल्याला "खोकल्याचं काहीतरी द्या" असे म्हणणे आता सोडले पाहिजे. आणि कोणतेही औषध सुरू केल्यावर बाळाची लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडले, तर बाटलीसकट दवाखाना गाठावा.

सांगायचे कोठे?

आता मुद्द्यावर येतो. औषधाने त्रास झाला, मग ते औषध बरोबर दिलेले असो की चुकून दिलेले असो, हे कळवण्याची देशात एक व्यवस्था आहे. बहुतेकांना तिचा पत्ता नाही. २०१० मध्ये 'फार्माकोव्हिजिलन्स' नावाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नाव अवघड आहे. औषधांवर पाळत, असे समजावे. त्याचे मुख्य केंद्र उत्तर प्रदेशात गाझियाबादला आहे आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याच्या शाखा आहेत. डॉक्टर, नर्स, औषधवाला तर कळवू शकतोच, पण रुग्ण किंवा रुग्णाच्या घरचे माणूसही कळवू शकते. १८००-१८०-३०२४ हा फोन फुकट आहे. कामाच्या दिवशी सकाळी ९ ते सायंकाळी ५.३० पर्यंत तो चालू असतो. साध्या माणसांसाठीचा वेगळा फॉर्म आहे आणि तो मराठीतही आहे.

त्या कागदावर काय लिहायचे? कोणाला त्रास झाला, वय किती, कोणते औषध, किती घेतले, कधीपासून, काय झाले, आता कसे आहे. वकिलाची भाषा लागत नाही. आणि महत्त्वाची गोष्ट ही की रुग्णाची ओळख गुप्त ठेवतात. डॉक्टर-नर्ससाठी जो फॉर्म आहे त्यावरही छापलेले असते की अहवाल दिला म्हणजे चूक कबूल केली असे होत नाही. आमच्या नर्स मुलीला हे माहीत नव्हते. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते. सरकार कागद छापते आणि ज्याच्या हाती तो जायला हवा त्याच्यापर्यंत नेत नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

लसीची गोष्ट थोडी निराळी आहे. लस दिल्यावर बाळाला काही झाले तर त्याची नोंद करण्याचे बंधन आरोग्यसेविकेवरच आहे. म्हणून लसीनंतर अर्धा तास तेथेच बसावे आणि घरी गेल्यावर काही वेगळे वाटले तर लगेच आशाताईला सांगावे. पोलिओच्या बाटलीवर एक गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाइतका गडद झाला तर उष्णतेने निकामी. "ताई, बाटली दाखवा," म्हणायला लाजू नका. आमच्या पाहण्यात ज्या ताई बाटली दाखवतात त्यांना विचारल्याचा राग येत नाही.

राहिली दवाखान्यातली तक्रार. पैसे घेणाऱ्या डॉक्टरविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. पण जेथे सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तो सरकारी दवाखाना त्याच निकालाने त्यातून बाहेर राहिला. म्हणजे गरिबाचा दवाखाना ग्राहक न्यायालयाच्या बाहेर. मग गरिबाने जावे कोठे? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावात आरोग्य समिती असते. कागदावर तरी असते. आपल्या धाराशिव जिल्ह्याला, तेव्हाच्या उस्मानाबादला, यात एक मान आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात लोकांनीच आरोग्यसेवेवर देखरेख करण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती, नंदुरबार, पुणे आणि ठाण्याबरोबर हा जिल्हा होता. गावकऱ्यांनी आपल्या दवाखान्याचे प्रगतिपुस्तक लिहायचे, चांगल्याला हिरवा, मध्यमला पिवळा, वाईटाला लाल रंग द्यायचा, आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलायचे. ज्या मातीत बाया माईक हातात घेऊन डॉक्टरांशी बोलल्या, त्याच मातीत आमची आत्या खिडकीपुढे गप्प बसते. हे तुटलेले सूत पुन्हा जोडता येईल.

घरातल्या घरात

सगळे दवाखान्यावर ढकलूनही चालणार नाही. औषध बाटलीतून तोंडात जाते ते शेवटी आपल्याच घरात. घरच्या दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्यांत शिकलेलेही फसतात.

तापाचे पॅरासिटामॉल घ्या. लहान मुलांचे ते दोन प्रकारचे मिळते. थेंबांची छोटी बाटली आणि सिरपची मोठी बाटली. पुष्कळ आयांना वाटते की थेंबांचे औषध हलके, तान्ह्या बाळाचे, म्हणून ते चमचाभर दिले तरी काय बिघडते? उलटे आहे. थेंबांच्या औषधात एका मिलीमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये तेवढे, म्हणजे १२५ मिलिग्रॅम, पाच मिलीत असते. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरते. त्याला सिरप पाच मिली दिले तर बरोबर. थेंबांच्या बाटलीतले पाच मिली दिले तर ५०० मिलिग्रॅम, चौपट! असे दिवसातून चार वेळा झाले तर लिव्हरवर जाते. म्हणून बाटलीबरोबर आलेले माप वापरावे, एका बाटलीचे माप दुसरीला लावू नये, आणि स्वयंपाकघरातला चमचा तर नकोच. एका घरात तीन चमचे असले तर तिन्हींत वेगवेगळे औषध मावते.

इन्सुलिन घेणारी माणसे आता खेड्यातही झाली आहेत. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत एका मिलीला ४० युनिट असतात आणि तिची सुई लाल टोपणाची. काही इन्सुलिन १०० युनिटची असतात. त्यांची सुई केशरी टोपणाची. शंभराचे इन्सुलिन चाळीसच्या सुईत भरले तर अडीचपट जाते. उलट केले तर निम्म्याहूनही कमी जाते आणि शुगर चढत राहते. मेडिकलमध्ये "सुई द्या" एवढेच म्हणू नये, बाटली दाखवून सुई घ्यावी.

उपवास-उपोसथाचेही सांगितलेच पाहिजे. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहणे धोक्याचे आहे. शरीराला छळणे हा मार्ग नव्हे, हे तथागतांनीच सांगून ठेवले. ज्यांना पाळायचेच आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारून गोळी कशी घ्यायची ते ठरवावे.

डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नसेल तर त्यात आपला कमीपणा नाही. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनेच नियम केला की डॉक्टरने औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे. आत्याच्या दोन गोळ्यांचे मूळ नाव दोन्ही केसपेपरवर ठळक असते तर बारावीतल्या पोरीने ते पहिल्याच दिवशी ओळखले असते.

पुन्हा लोहारा

मागच्या महिन्यात आम्ही लोहाऱ्याला गेलो तेव्हा आत्याबरोबर केंद्रावर गेलो. नात सोबत होती. तिने एका वहीत आजीच्या साऱ्या गोळ्या लिहून काढल्या आहेत, मूळ नावाने, आणि प्रत्येकीपुढे रिकामी झालेली एक पट्टी चिकटवली आहे. वाचता न येणाऱ्या आजीलाही पट्टी लावून पाहता येते. खाजगी डॉक्टरकडेही हीच वही, केंद्रातही हीच वही.

खिडकीतल्या माणसाने ती वही पाहिली. दोन पाने उलटली. आत्या आमच्या मागे उभी होती. नातीने तिचा हात धरून पुढे आणले आणि म्हणाली, "आजी, सांग की."

आत्याने सगळे सांगितले. पांढरी, गुलाबी, पौर्णिमा, घाम, सलाईन. एवढे सलग बोलताना आम्ही तिला दवाखान्यात कधी पाहिले नव्हते. खिडकीतला माणूस ऐकून घेत होता. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली तेव्हा त्यानेच हात करून थांबवले. मग त्याने विचारले, "मावशी, हे झालं तेव्हाच का नाही सांगितलं?"

आत्या काही बोलली नाही.

त्याने कात्री उचलली, पट्टी उलटी करून पाहिली आणि नावाच्या बाजूने न कापता दुसऱ्या बाजूने कापली. तुकडा लहान होता, गोळ्या आठच होत्या, पण नाव पुरते होते. आत्याने तो तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि नातीच्या हातात दिला. "वाच बरं," ती म्हणाली, "तेच हाय का?"